भुरक्या माळाचं तांबं

नांदेड,
२३ नोव्हेंबर १९९९

देविदासभाऊ,

मी जान्हवी औंढेकर. परवा रविवारी भुरक्या माळावर हातोडी घेऊन फिरत होते ती. तुमच्या तांड्यातली कुत्री मला पार डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायला आली होती. वारंगा फाट्यावर तुमच्या टायरच्या दुकानात तुम्ही चहा पाजलात. चहा फक्कड होता. एकाही प्रश्नाचं उत्तर मात्र धड दिलं नाहीत, म्हणून हे पत्र.

निजामाच्या राज्यात आपल्या भागात जिथं जिथं धातूसाठी खोदाई झाली आणि मग ती सोडून दिली गेली, त्या जागांचा मी अभ्यास करते. कोणत्याही कंपनीनं मला पाठवलेलं नाही. हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात. ते "बरं" मला काही बरं वाटलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खाणीच्या खड्ड्यातून डोंगराच्या पोटात एक बोगदा जातो. त्याचं तोंड दगड रचून बंद केलेलं आहे. वरून घसरलेले दगड असे बसत नाहीत, ते कुणीतरी हातानं नीट रचलेत. कुणी रचले, आणि आत काय आहे? तांड्यात ज्याला विचारलं तो दुसरीकडे बघायला लागला.

दुसरं म्हणजे, माझ्या पिशवीतले हिरव्या दगडाचे दोन नमुने कमी भरले. पिशवी फक्त तुमच्या दुकानात माझ्या नजरेआड होती. मी आरोप करत नाही, पण विचारल्याशिवाय राहवतही नाही.

जान्हवी औंढेकर


वारंगा फाटा,
५ डिसेंबर १९९९

मॅडम,

जय सेवालाल. दगड मीच काढून घेतले. आरोप करायची लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका. आमच्या माळावरचे दगड तुम्ही न विचारता पिशवीत घातले, मी तुमच्या पिशवीतून न विचारता काढले. हिशेब बराबर.

तुमच्यासारखी माणसं आम्हाला नवी नाहीत. आधी एक जण येतो, गोड बोलतो, दगड बघतो. मागून जीप येते. मग खुंट्या ठोकतात. आमच्या बायांना उन्हाळ्यात पाणी त्याच खड्ड्याचं आहे, म्हणून तुमच्या हातोडीला कुत्री भुंकली. मीही त्यांना हाक मारली नाही.

बोगद्याचं विचारता तर ऐका. आणि हे तुम्हाला आधीच माहीत असेल तर तसं सरळ सांगा, कारण तुम्ही ज्या तऱ्हेनं विचारत होता त्यावरून मला शंका आली.

फसली तेराशे बावन्नच्या सुमाराला, म्हणजे तुमच्या हिशेबानं त्रेचाळीस साली, हैदराबादचा एक गुत्तेदार, तुमच्या भाषेत ठेकेदार, इथं तांब्याची खाण चालवत होता. माझा आजा थावरा आणि तांड्यातले अजून दोघं बोगद्यात खोदकामाला होते. एका दिवशी तिघं संध्याकाळी घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी गुत्तेदार आणि त्याचा मुनीम तांड्यावर आले आणि म्हणाले, तिघं तांब्याचे गोळे घेऊन फरार झाले. मागोमाग पोलीस आले. आमची बंजाऱ्यांची जात तेव्हा सरकारच्या यादीत चोरांचीच होती, त्यामुळे कुणाला जास्त विचारायची गरज पडली नाही. मारलं सगळ्यांना. बोगद्याचं तोंड गुत्तेदारानं आपली माणसं लावून बंद केलं, म्हणे अजून चोरी होऊ नये. महिन्याभरात खाणही बंद करून गेला.

बाकीच्या दोघांची घरं आदिलाबादकडं निघून गेली. आमचं घर राहिलं. आम्हाला आजही तांबेचोर म्हणतात. होळीला आमच्यात लेंगी म्हणतात, बाया-गडी गोल धरून एकमेकांची उणीदुणी गाण्यातून काढतात. दरवर्षी त्यात थावराचं एक कडवं असतंच. माझी मिना आता लग्नाची झाली. मागच्या वर्षी पाहुण्यांनी पोरगी पसंत केली आणि होळीला लेंगी ऐकून परत गेले.

म्हणून मी दगड ठेवून घेतले. तुम्ही शिकलेल्या आहात तर एवढं सांगा, त्या दगडात तांबं होतं किती?

देविदास राठोड


नांदेड,
१४ डिसेंबर १९९९

देविदासभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. उत्तर एका शब्दात आहे, पण तुम्ही माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपला सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. एक थर वाहत यायचा, गार व्हायचा, त्याचा वरचा भाग ऊनपावसानं कुजून लाल माती व्हायची. पुढे कधीतरी त्या मातीवर दुसरा थर यायचा. भुरक्या माळाच्या पोटात असा एक लाल पट्टा आहे, खणायला मऊ. गुत्तेदारानं बोगदा त्यातूनच नेला.

आता हिरव्या दगडाचं. लाव्हा गार होताना त्यात बुडबुडे अडकतात. त्यांच्या पोकळ्यांना पुढे पाण्यानं आतून लेप चढतो, कुठं पांढऱ्या स्फटिकांचा, कुठं हिरवा. हा हिरवा लेप पाहून भलेभले फसलेत, कारण तांब्याला चढतो तसाच तो दिसतो. पण तो रंग लोखंडाचा आहे. ती नुसती हिरवी माती आहे. या खडकात कधीमधी तांब्याचे कण सापडतात, नाही असं नाही. भुरक्या माळाचे सगळे नमुने मी तपासले. त्यांत तेवढंही नाही.

म्हणजे शब्द एकच: शून्य.

माझ्या प्रयोगशाळेवर विश्वास नसेल (नसेलच), तर घरी करून बघा. जुन्या तांब्याच्या भांड्यावरचा हिरवा गंज खरवडून तुमच्या दुकानातल्या बॅटरीच्या ॲसिडमध्ये टाका. पाणी निळं होईल. त्यात घासून साफ केलेला लोखंडी खिळा बुडवा, खिळ्यावर तांब्याचा थर चढेल. मग माळाच्या दगडाची हिरवी भुकटी करून तेच करा. काचेचा ग्लास घ्या आणि हात जपा.

खाणीबद्दल मला जुन्या माणसांच्या बोलण्यातून कळलं होतं. त्यापलीकडे काही नाही.

जान्हवी


वारंगा फाटा,
२ जानेवारी २०००

जान्हवीबाई,

प्रयोग केला. घरच्या घंगाळाच्या बुडाचा गंज खरवडला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पाणी निळं झालं, खिळा लाल झाला. तुमच्या दगडाचा खिळा जसाच्या तसा. मग वाटलं, तुम्ही मुद्दाम बिनतांब्याचे दगड उचलले असतील. स्वतः खड्ड्यात उतरलो, सगळ्यात हिरवा तुकडा फोडून आणला. तरी खिळा तसाच. तांड्याचा कारभार बघणाऱ्या नाईकाला बोलावलं, चार शहाणी माणसं बोलावली, सगळ्यांसमोर परत केलं. ट्रकवाले थांबून बघत होते.

नाईक बराच वेळ खिळा फिरवून बघत होते. मग म्हणाले, "देविदास, माळात तांबंच नव्हतं, तर थावरानं नेलं काय?"

बाई, माझ्या जन्मात मला एवढा आनंद झाला नव्हता. दुकान उघडं टाकून धावत तांड्यावर गेलो. माझी आजी जिवनबाई अजून आहे, थावराची बायको. तिला सांगितलं, आजा चोर नव्हता. वाटलं, डोक्यावरून हात फिरवील. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "मंग गेला कुठं?"

एवढी वर्षं मी एवढंच बघत होतो की आमच्या नावाला चिकटलेली घाण कशी निघंल. आजीचा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी आखाडा बाळापूरच्या बाजारात सोनाजी भेटला. म्हातारा आता दोरखंडं विकतो, पण पोरगा असताना खाणीवर गाडी हाकत होता. त्याला खिळ्याची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, बाईचं आडनाव काय. मी सांगितलं. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "औंढेकर? आरं, खाणीचा मुनीम व्यंकटराव औंढेकरच होता की! हिंगोलीत हाय अजून. तांबं नव्हतं हे तुला कुणी सांगितलं म्हनतो, मुनीमाच्या नातीनं?"

काहून लपवलं? ज्या माणसानं आमच्या दारात उभं राहून माझ्या आज्याला चोर म्हटलं, त्याच्या घरची तुम्ही. माझ्या दुकानात बसून माझा चहा प्यालात. आता मला सांगा, तुमचा शून्य मी कोणत्या तोंडानं खरा मानू? बरं झालं खिळा मी स्वतः बुडवला.

देविदास राठोड


हिंगोली,
१२ जानेवारी २०००

देविदासभाऊ,

व्यंकटराव माझे आजोबा आहेत. हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला खड्ड्याजवळ उभं केलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही चिडलात ते योग्यच आहे.

लहानपणापासून खाणीची गोष्ट मी आजोबांकडूनच ऐकली. मजूर तांबं घेऊन पळाले आणि खाण बुडाली, अशी. पण एवढ्या अडचणीच्या जागी, एवढ्या मऊ मातीत, गुत्तेदार हट्टानं खणत का राहिला, हे ते कधी सांगत नसत. विचारलं की पाणी मागत. मला तेव्हापासून संशय होता, आणि कुणावर संशय आहे हे मला नीट ठरवायचं नव्हतं. म्हणून दगडांकडे गेले.

संक्रांतीसाठी घरी आले आहे. काल तुमचा खिळा त्यांना सांगितला. म्हटलं, माळात तांबं नव्हतं. मग तुमच्या गोष्टीतला गुत्तेदार खाणीसाठी पैसा मिळवायला हैदराबादच्या अधिकाऱ्यांना जे गोळे दाखवत होता ते कुठून आणत होता? आणि जे नव्हतंच ते चोरीला कसं गेलं? आजोबांनी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं. म्हणाले, "पळाले. मी सांगितलं ते सांगितलं." आणि देवघरात जाऊन बसले. ती पूजेची वेळ नव्हती.

आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नव्हता. तुमच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं मला वाटतं. रचलेल्या दगडांच्या फटीतून मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं होतं. पुढचे दगड हातानं रचलेले आहेत, पण त्यांच्या मागे छताचे मोठे मोठे कातळ पडलेले आहेत, लाल मातीसकट. तो ढिगारा वरून कोसळलेला आहे. वर जड कातळ आणि खाली मऊ पट्टा, शिवाय लाकडी टेकूंचा मला कुठंही मागमूस दिसला नाही. आधी बोगदा कोसळला आणि मग त्याचं तोंड झाकलं, असाच तो क्रम आहे.

ते तिघं पळाले नाहीत. मला वाटतं ते अजून आतच आहेत.

तिथं कुणालाही हात घालू देऊ नका. उरलेलं छतही कधी खाली येईल सांगता येत नाही.

जान्हवी


वारंगा फाटा,
६ फेब्रुवारी २०००

जान्हवीबाई,

तुमचं पत्र बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. आजीला सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं.

ती रडली नाही. माझ्यावर संतापली. म्हणाली, "तुला कुनी सांगितलं होतं दगड शिजवायला? चोर तर चोर. माझा मानूस जित्ता तर होता!"

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या बापाकडूनही कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, मुनीम येऊन गेला तेव्हा सगळा तांडा रडत होता आणि ती मनात खूश होती. दुसऱ्या बायांचे नवरे मरत होते, तिचा पळाला होता. कुठंतरी निजामाबादकडं, दुसरी बायको करून, भाकर खाऊन राहिला असेल. तांड्यावर कुणी अनोळखी म्हातारा आला की ती त्याची चाल बघायची. लेंगीत त्याच्या नावाचं कडवं आलं की बाकी घर मान खाली घालायचं. ती ऐकत बसायची, कारण वर्षातून तेवढ्या एकाच वेळी कुणी त्याचं नाव घ्यायचं.

आणि मी ते कडवं बंद करायला निघालो होतो.

आता तिचा हट्ट आहे की मुनीमाला भेटायचं. तिचं म्हणणं, "तवा त्यानंच सांगितलं व्हतं पळाला म्हनून. आता बी त्यानंच सांगावं." मी म्हटलं, तो खोटं बोलंल. तर म्हणे, बोलू दे.

मला तुमच्या घरात यायचं नाही. मी तिला दारापर्यंत आणीन आणि बाहेर उभा राहीन. तुम्ही चहाबिहा पाजून तिला गुंडाळू नका. एकच मागतो. होळीच्या आत तुमच्या आजोबांनी नाईकांसमोर खरं बोलावं. मिनाला परत पाहुणे येणार आहेत.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो.

देविदास


हिंगोली,
१५ फेब्रुवारी २०००

देविदासभाऊ,

परवा तुम्ही फाटकाबाहेर उन्हात उभे होतात, मी दोनदा बोलवायला आले, तुम्ही मान फिरवलीत. आत काय झालं ते आजींनी तुम्हाला सांगितलंच असेल. तरी मला लिहायला हवं, कारण मी तिथं होते आणि काही करू शकले नाही.

आजोबा बैठकीत खुर्चीवर होते. त्यांचे गुडघे गेलेत, संडासला जायलाही माणूस लागतो. आजी आल्या तशा दाराशी खाली बसायला लागल्या. आजोबा काठी टेकत उठले आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. आजी बसल्या. आजोबा भिंतीला धरून उभेच राहिले. मी दुसरी खुर्ची आणली, तरी बसले नाहीत.

आजींनी विचारलं, "साहेब, थावरा पळाला ना?"

माझी खात्री होती की आता ते खरं बोलतील. आदल्या रात्री ते जेवले नव्हते. मी त्यांना म्हटलं होतं, आता तरी बोला. पण ते म्हणाले, "हो. पळाला."

आजींनी पुन्हा विचारलं, "जित्ता?"

"जिवंत," आजोबा म्हणाले.

आजींनी वाकून नमस्कार केला आणि निघाल्या. चहाला हात लावला नाही.

भाऊ, मी आजोबांशी तेव्हापासून बोललेले नाही. स्वतःची कातडी वाचवायला ते पुन्हा खोटं बोलले, की त्या माउलीचा आधार तुटू नये म्हणून बोलले, मला ठरवता येत नाही. पहिलं असेल तर मला त्यांच्या घरात राहायचं नाही. दुसरं असेल तरी तुमच्या मिनाचा त्यात काय दोष? माझ्या प्रबंधात मी बोगदा कोसळल्याचं लिहीन, पण प्रबंध तुमच्या तांड्यात कोण वाचणार? तुमची मी अपराधी आहे.

जान्हवी


वारंगा फाटा,
१ मार्च २०००

जान्हवीबाई,

त्या रविवारी हिंगोलीहून परतीच्या एसटीत बसलो तेव्हा मी तुमच्या सगळ्या खानदानाला मनात शिव्या देत होतो. आजी खिडकीतून बघत होती. मी विचारलं, काय म्हणाला मुनीम? म्हणाली, "पळाला म्हनाला."

मी म्हटलं, मग झालं तुझं समाधान?

म्हणाली, "येड्या, त्यो मेला. तवाच मेला. मुनीमानं सांगितलं की."

मला वाटलं, उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलं. मग ती म्हणाली, "तवा ह्यो मुनीम आला व्हता तर खाटंवर बसला, मी खाली मातीत. कडंवर लेकरू. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आता पायात जीव न्हाई तरी मला खुर्ची देऊन उभा राहिला. चोराच्या बायकोसमोर कुनी असं उभं राहतं व्हय? तोंडानं त्याला जे म्हनायचं ते म्हनू दे."

घरी आली आणि केसांतली घुगरी-टोपली सोडायला सुनेला सांगितलं. आमच्यात नवरा असलेली बाई हे चांदीचे दागिने कानाच्या बाजूला केसांत गुंफते, तो गेला की काढते. केसांना इतके घट्ट बसले होते की कात्री लावावी लागली. मग ती रडली. सगळा तांडा गोळा झाला इतकी रडली. सत्तावन्न वर्षांचं रडणं होतं ते, बाई. मलाही आवरलं नाही.

नाईकांनी दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. देह नव्हता, मरण ठाऊक नव्हतं, म्हणून थावराचे दिवस कधी घातले नव्हते. आता घालायचे ठरलं. बारा तारखेला, रविवारी, तेराव्याचं जेवण आहे. पाहुण्यांना आणि आसपासच्या तांड्यांना सांगितलंय.

आजीनं एक निरोप द्यायला लावलाय, तिच्याच शब्दांत लिहितो. "मुनीमाला म्हनावं जेवायला ये. चोराच्या घरी कुनी येत न्हाई, पर मेलेल्या मानसाच्या घरी यावं लागतं. बोलू नको. चार मानसांत येऊन बस."

मला विचाराल तर ते येणार नाहीत. सबब सांगतील, दुखण्याची, नाही तर सोवळ्याची. मी आजीला तसं म्हटलंही. तिनं तरी त्यांच्या नावाचं पान मांडायला सांगितलंय.

देविदास


हिंगोली,
७ मार्च २०००

देविदासभाऊ,

तुमचं पत्र मी आजोबांसमोर ठेवलं आणि आत गेले. त्यांनी ते वाचलं. तुमच्यासारखंच मलाही वाटत होतं, ते येणार नाहीत.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. म्हणाले, भाड्यानं जीप मिळते का बघ. मग म्हणाले, तांड्यावर पंक्ती जमिनीवर बसतात, आणि मला खाली बसलं तर उठता येत नाही. कुणीतरी हात धरून उठवावं लागेल, ते उठवतील का एवढं विचार.

म्हणून विचारते.

जान्हवी